उशिराचा आवाज : संगणकावरील घरगुती ध्वनिमुद्रणातील तडतडीचा इतिहास

संगणकावर घरच्या घरी गाणे किंवा निवेदन मुद्रित करताना मध्येच ‘चट्’ असा आवाज उमटतो, कधी बारीक तडतड सुरू होते, कधी ‘फट्’ असा एखादा ठोका बसतो. ध्वनिमुद्रणाच्या जुन्या साधनांतही असे आवाज येत, पण तिथे त्यांचे मूळ एखाद्या वस्तूत सापडे: तबकडीवरचा ओरखडा, खोबणीतली धूळ, झिजलेली सुई, लेप उडालेली फीत. संगणकातली तडतड बहुतांशी वेळ चुकल्यामुळे होते. ध्वनीचे पुढचे आकडे ठरलेल्या क्षणी हजर नसले की तेवढ्या जागी खंड पडतो, आणि कानाला तो खंड चट् असा ऐकू येतो. त्यामुळे या बिघाडाचा इतिहास म्हणजे संगणकाचा कोणता भाग कोणत्या काळात उशीर करत होता, याचा इतिहास आहे.

शेलॅकच्या तबकड्यांत खरखर अंगभूतच होती. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळून तबकडी दाबली जाई, आणि ही पूड पोलादी सुईला घासून तिचे टोक खोबणीच्या मापाचे करी. फ्रेड गाइसबर्ग यांनी १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून भारतीय श्रोत्यांची पहिली पिढी या खरखरीसकटच गाणे ऐकत आली. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची लाँगप्ले तबकडी आणली. तिचा पृष्ठभाग पुष्कळ शांत होता, पण स्थिर विजेमुळे ती धूळ ओढून घेई, आणि पार्श्वभूमी शांत झाल्यामुळे प्रत्येक कण सुटा ऐकू येई. चुंबकीय फितीने हे ठोके घालवले आणि त्यांच्या जागी सूंसूं आणली. १९६० च्या दशकात डॉल्बी यांच्या पद्धतीने तीही बरीच आटोक्यात आली. या सगळ्या साधनांत एक गोष्ट समान होती. मोटर फिरत होती तोवर ध्वनी वेळेवरच येत असे. मोटर मंदावली तर सूर खाली घसरे, पण मध्येच कापला जात नसे.

आकड्यांच्या ध्वनिमुद्रणात हे बदलले. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० ही सॅम्पलांची, म्हणजे ध्वनीच्या सुट्या आकड्यांची, संख्या ठरली, कारण सुरुवातीचे डिजिटल ध्वनिमुद्रण व्हिडिओच्या फितीवर साठवले जाई आणि व्हिडिओच्या रेषांत तो आकडा नेमका बसत असे: सेकंदाला ६० क्षेत्रे, प्रत्येकात २४५ वापरण्याजोग्या रेषा, प्रत्येक रेषेत ३ सॅम्पल. म्हणजे दर २२.७ मायक्रोसेकंदांनी एक सॅम्पल हवे. केवळ त्याच कामासाठी बनवलेल्या यंत्राला हे अवघड नाही. घरातला संगणक मात्र त्याच वेळी पडदा रंगवतो, डिस्क वाचतो, माउसकडे लक्ष ठेवतो; एकेक सॅम्पल हाताळणे त्याला परवडत नाही. म्हणून सॅम्पल गठ्ठ्याने दिली-घेतली जातात, आणि तो गठ्ठा जिथे थांबतो त्या जागेला बफर म्हणतात. नळाला दिवसातून दोनच तास पाणी येणाऱ्या घरात गच्चीवरची टाकी जे काम करते, तेच बफर करतो. येणे अनियमित असले तरी जाणे अखंड राहते.

टाकी मोठी असेल तर तडतड होत नाही, पण ध्वनी तिच्यात तेवढा वेळ अडकून पडतो. ४४,१०० च्या गतीला १२८ सॅम्पलांचा बफर सुमारे २.९ मिलिसेकंदांचा होतो, ५१२ चा ११.६ आणि १०२४ चा २३.२ मिलिसेकंदांचा. आत येताना एक आणि बाहेर जाताना एक असे दोन बफर धरले तर गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून येऊ लागतो आणि ताल सुटतो. बफर लहान केला की विलंब जातो आणि तडतड येते. पुढे आलेले बहुतेक उपाय या ओढाताणीतूनच निघाले.

घरगुती संगणकात ही अडचण पहिल्यांदा ठळकपणे दिसली ती १९८९ मध्ये आलेल्या साउंड ब्लास्टर या कार्डात. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे हे कार्ड ८ बिटांचे आणि मोनो होते, पण माइक लावून आवाज संगणकात घेण्याची सोय सामान्य माणसाच्या आवाक्यात आणणारे ते महत्त्वाचे साधन ठरले. मेमरीतले आकडे कार्डापर्यंत पोचवण्याचे काम डीएमए नावाची यंत्रणा करी. प्रोसेसरला प्रत्येक आकडा उचलावा लागत नसे. एक गठ्ठा संपला की कार्ड प्रोसेसरला हाक मारी, ज्याला इंटरप्ट म्हणतात, आणि मग प्रोग्रामने पुढच्या गठ्ठ्याचा हुकूम द्यायचा. गोम इथेच होती. पहिल्या साउंड ब्लास्टरमध्ये गठ्ठा संपल्यावर नवा हुकूम मिळेपर्यंत कार्ड थांबून राही. हा विराम अगदी क्षणिक असे, तरी प्रत्येक गठ्ठ्याच्या सांध्यावर चट् ऐकू येई, आणि गठ्ठे सारख्या मापाचे असल्याने तो आवाज ठरावीक अंतराने येई. त्या वेळच्या डॉस या प्रणालीत सगळा संगणक एकाच प्रोग्रामच्या ताब्यात असूनही हे टळत नव्हते.

१९९१ मधल्या साउंड ब्लास्टर २.० ने यावर जो तोडगा काढला, तो आजही या धंद्याचा पाया आहे. गठ्ठ्याच्या शेवटी थांबण्याऐवजी कार्ड आपोआप पुन्हा सुरुवातीला जाऊ लागले. मेमरीतला बफर वर्तुळासारखा झाला. त्याचा एक अर्धा भाग वाजत असताना प्रोग्रामने दुसरा अर्धा भरायचा. हुकुमाची वाट पाहणे संपले आणि सांध्यावरचा ठोका गेला. मात्र त्याच्या जागी नव्या प्रकारचा दोष आला. प्रोग्राम वेळेत दुसरा अर्धा भाग भरू शकला नाही तर कार्ड थांबत नाही, तिथे पडलेले जुनेच आकडे पुन्हा वाजवते. संगणक अडकला की एकच तुकडा ‘टर्रर्र’ असा वाजत राहतो, त्याचे कारण हेच.

त्या काळातले बरेच त्रास इंटरप्टच्या वाटणीतून येत. पहिल्या साउंड ब्लास्टरसाठी ७ क्रमांकाचा इंटरप्ट ठरवलेला असे, आणि प्रिंटरचे पोर्टही तोच क्रमांक वापरी. कार्डावरचा छोटा जंपर काढून क्रमांक बदलायचा आणि तोच क्रमांक संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये लिहायचा, हे काम घरोघरच्या हौशी मंडळींनी केले. क्रमांक चुकला तर आवाजाचा पहिला तुकडा वाजून सगळे ठप्प होई. हा बिघाड निदान स्वच्छ होता. काय चुकले ते लगेच कळे. पुढच्या काळातले बिघाड इतके सरळ राहिले नाहीत.

१९९२ मध्ये साउंड ब्लास्टर १६ ने सीडीच्या दर्जाचे १६ बिटांचे मुद्रण घरी आणले, आणि उशीर करणारा भाग बदलला. सीडीच्या दर्जाचा स्टीरिओ ध्वनी सेकंदाला १,७६,४०० बाइट जागा घेतो, मिनिटाला साडेदहा एमबीच्या आसपास. हे सगळे वाहत्या गतीने हार्ड डिस्कवर उतरवावे लागे. त्या वेळच्या पुष्कळ डिस्कांना एक खोड होती. चालू असताना तबकड्या तापून किंचित फुगत, म्हणून डिस्क मधूनमधून काम थांबवून आपले हेड नव्याने जागेवर बसवून घेई. पत्र लिहिणाऱ्याला हा विराम कळतही नसे, पण ध्वनिमुद्रणात तेवढ्यात बफर भरून वाहू लागे आणि मधला तुकडा हरवे. कारखानदारांनी मग हा विराम टाळणाऱ्या वेगळ्या डिस्क ‘एव्ही’ या नावाने विकायला काढल्या. डिस्कांची रचना बदलल्यावर हा प्रश्न मिटला, तरी ध्वनिमुद्रणासाठी वेगळी डिस्क ठेवावी हा सल्ला पुढे कितीतरी वर्षे दिला जात राहिला.

डिस्कचा आणखी एक दोष विंडोज एक्सपीच्या काळात गाजला. डिस्कशी बोलताना सहा वेळा चूक झाली की ही प्रणाली खबरदारी म्हणून डीएमए बंद करी आणि पीआयओ या जुन्या पद्धतीवर उतरे. मग प्रत्येक बाइटसाठी प्रोसेसरला राबावे लागे. सैल बसलेल्या रिबन केबलमुळे महिनोन् महिन्यांत सहा चुका जमल्या, की कालपर्यंत नीट चालणारा संगणक एके दिवशी तडतडू लागे. केबल बदलूनही उपयोग होत नसे, कारण खालची पायरी प्रणालीच्या लक्षात राहिलेली असे. डिव्हाइस मॅनेजरमधून ते चॅनल काढून टाकून पुन्हा बसवावे लागे.

या सगळ्या इतिहासातला सर्वांत निर्लज्ज प्रकार १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातला, ग्राफिक्स कार्डांचा. पीसीआय बस या सामाईक वाटेवर सगळी कार्डे पाळीपाळीने बोलत. ग्राफिक्स कार्डाकडे कामांची छोटी रांग असे. रांग भरलेली आहे का हे विचारून मगच पुढचे काम पाठवायचे, ही रीत. विचारण्यात थोडा वेळ जातो, म्हणून काही ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्राम, न विचारताच काम पाठवू लागले. रांग भरलेली असेल तर कार्ड नकार देई, बस पुन्हा प्रयत्न करी, पुन्हा नकार मिळे. हे चालू असेपर्यंत बस अडून राही आणि साउंड कार्डाला आपले आकडे मिळत नसत. मासिकांत छापल्या जाणाऱ्या वेगाच्या तक्त्यांत कार्ड एखादा टक्का वर दिसावे, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. ओळखण्याची खूण सोपी होती: मुद्रण चालू असताना पडद्यावरची खिडकी ओढून इकडेतिकडे हलवली की तडतड सुरू. बोभाटा झाल्यावर अनेक ड्रायव्हरांत ही चलाखी बंद करण्याची सोय आली. तोवर विंडोजच्या सेटिंगमधली ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ची पट्टी खाली ओढणे हा हुकमी उपाय मानला जाई. कारण संपल्यानंतरही तो उपाय म्हणून सांगितला जात राहिला, आणि नंतरच्या संगणकांवर त्याने प्रोसेसरचा बोजा उलट वाढवला.

पीसीआयची कटकट २००० च्या आसपास पुन्हा वर आली. व्हिया कंपनीच्या काही चिपसेटवर साउंड ब्लास्टर लाइव्ह हे कार्ड तडतडत असे. ६८६बी या चिपच्या बाबतीत तर डिस्कवरची माहिती बिघडल्याच्याही तक्रारी आल्या, आणि बायोस व ड्रायव्हर सुधारून द्यावे लागले. कोणत्या कार्डाने बस सलग किती वेळ धरून ठेवायची याचा एक आकडा बायोसमध्ये असे. हौशी लोक तो ३२ वरून ६४, ६४ वरून १२८ असा बदलून पाहत. विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये एसीपीआय ही नवी व्यवस्था बहुतेक पीसीआय कार्डांना एकाच इंटरप्टवर आणून बसवी. तेव्हा संगणकाचा प्रकार बदलून ‘स्टँडर्ड पीसी’ निवडायचा आणि विंडोज नव्याने टाकायची, असा जालीम उपाय सांगितला जाई. कार्ड एका खाचेतून काढून दुसरीत बसवल्यानेही कधी कधी काम होई, कारण खाच बदलली की इंटरप्टचा शेजारी बदलत असे.

दरम्यान हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये क्यूबेस व्हीएसटी हा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम आणला. डिजिडिझाइनची साउंड टूल्स आणि १९९१ पासूनची प्रो टूल्स ही प्रणाली ध्वनीचे गणित वेगळ्या कार्डांवर करत असे. ती महाग असली तरी संगणकाच्या उशिरापासून बरीच सुरक्षित होती. व्हीएसटीमध्ये मिक्सर, घुमारा, इको सगळे संगणकाच्या स्वतःच्या प्रोसेसरवर आले. आता गायकाचा आवाज संगणकात जाऊन, संस्कार होऊन, परत कानात यायचा, तेही विंडोजच्या अनेक थरांतून. विंडोजमध्ये पुढे आलेला केमिक्सर हा थर तर एकटाच सुमारे ३० मिलिसेकंदांचा विलंब करी. १९९७ मध्ये स्टाइनबर्गने एएसआयओ हा ड्रायव्हरचा नमुना मांडला. त्यात सगळे थर वगळून प्रोग्राम थेट कार्डाशी बोलतो, आणि बफर किती ठेवायचा हे वापरणाऱ्याच्या हाती दिले जाते. तोवर तडतड यंत्रातून येई. यापुढे वापरणारा ती स्वतःच्या हाताने आणू शकत होता. बफर ६४ वर ठेवून तडतडीची तक्रार करणारे पुष्कळ निघाले. खरे तर गाताना बफर लहान आणि मिक्सिंग करताना मोठा ठेवणे एवढ्याने निम्मे प्रश्न सुटतात, आणि उरलेल्यांपैकी बरेच माइकचा आवाज संगणकात न नेता इंटरफेसमधूनच, म्हणजे संगणकाबाहेरच्या साउंड कार्डातूनच, हेडफोनला देणाऱ्या बटणाने सुटतात.

गणित प्रोसेसरवर आल्यामुळे एक चमत्कारिक बिघाड जन्माला आला. गाणे संपले, शांतता पसरली, आणि नेमक्या त्या शांततेत संगणक गुदमरून तडतडू लागला. घुमाऱ्याचा आवाज विरत जातो तेव्हा त्याचे आकडे लहान लहान होत जातात, पण शून्य होत नाहीत. ३२ बिटांच्या दशांश आकड्यांत १० च्या उणे ३८ व्या घाताच्याही खाली गेलेले आकडे प्रोसेसर वेगळ्या, सावकाश पद्धतीने हाताळतो. त्यांना डीनॉर्मल म्हणतात. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ वर हा फरक फारच मोठा होता. ऐकू येण्याच्या कितीतरी पलीकडचा हा आवाज प्रोसेसरचा सगळा वेळ खाऊन टाकी. घुमाऱ्यासारखे संस्कार करणारी प्लग-इन लिहिणाऱ्यांनी त्यावर शांततेत मुद्दाम अतिसूक्ष्म गोंगाट मिसळायला सुरुवात केली, म्हणजे आकडे त्या पातळीखाली जात नसत. असे आकडे सरळ शून्य मानण्याची सोय प्रोसेसरांत होती. ती नेमाने वापरली जाऊ लागली तेव्हा हा बिघाड मागे पडला.

पुढचा मोठा अध्याय लॅपटॉपचा. २००३ नंतर वाय-फाय अंगभूत असलेले लॅपटॉप सर्रास झाले आणि तडतडीच्या तक्रारींचे स्वरूप बदलले. प्रोसेसर दहा टक्केही कामात नाही, मेमरी भरपूर आहे, डिस्क वेगवान आहे, तरी तडतड होते. उत्तर इंटरप्टच्या मागे दडलेले होते. विंडोजमध्ये इंटरप्ट आला की ड्रायव्हर तातडीचे तेवढे उरकतो आणि उरलेले काम एका रांगेत ठेवतो. त्या कामाला डीपीसी म्हणतात. ही रांग सगळ्या प्रोग्रामांच्या आधी चालते, आणि तिच्यातले चालू काम मध्येच तोडून दुसऱ्याला पुढे घेता येत नाही. एखाद्या आळशी ड्रायव्हरने तिथे दोन-तीन मिलिसेकंद लावले तर २.९ मिलिसेकंदांचा बफर रिकामा होणारच. प्रोसेसरच्या वापराचा टक्का ही सरासरी असते, आणि सरासरीत असा क्षण दिसत नाही.

गुन्हेगार बहुधा वाय-फायचा ड्रायव्हर निघे. एक्सपी स्वतःहून दर मिनिटाला आसपासची नेटवर्क शोधे, त्यामुळे तडतडही मिनिटाच्या ठेक्यावर येई. दुसरा संशयित बॅटरी किती उरली हे विचारणारा ड्रायव्हर, तिसरा ग्राफिक्सचा. थेसिकॉन या जर्मन कंपनीने डीपीसी लेटन्सी चेकर हे छोटे मोफत साधन दिले. त्यात हिरवे, पिवळे, लाल खांब सरकत राहत; डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकेक उपकरण बंद करत जायचे आणि लाल खांब कधी जातात ते पाहायचे. निदानाची पद्धत म्हणून हे साधन मोलाचे ठरले, कारण अंदाजाच्या जागी मोजमाप आले. विंडोज ८ मध्ये अंतर्गत वेळमापन बदलल्याने हेच साधन निरोगी संगणकावरही सतत १००० मायक्रोसेकंद दाखवू लागले आणि लोक नसलेला आजार शोधत बसले. त्याची जागा लेटन्सीमॉनने घेतली. ते दोषी ड्रायव्हरच्या फाइलचे नावच सांगते.

मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये बाजारात आणलेल्या व्हिस्टात या प्रश्नाला हात घातला. वासापी ही नवी ध्वनियंत्रणा आली, आणि ध्वनीच्या कामांना वरचा क्रम देणारी एक सेवा आली. नेटवर्कच्या डीपीसीमुळे संगीत तुटू नये म्हणून या सेवेने, ध्वनी वाजत असताना, नेटवर्कवरून मिलिसेकंदाला फक्त दहा पॅकेट घेण्याची मर्यादा घातली. साध्या नेटवर्कवर ती जाणवली नाही. गिगाबिट नेटवर्क असलेल्यांना मात्र गाणे लावले की फाइल उतरण्याचा वेग कोसळलेला दिसला, आणि त्या वर्षी यावरून बरीच ओरड झाली. तडतड टाळण्याची किंमत दुसऱ्या कुणाकडून तरी वसूल होते, हे इतके उघडपणे क्वचितच दिसले असेल.

वीज वाचवण्याच्या युक्त्यांचाही यात वाटा होता. प्रोसेसर रिकामा असला की गती उतरवतो, झोपतो. जागे व्हायला आणि गती घ्यायला थोडा वेळ लागतो. वीजयोजना ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवणे आणि यूएसबी पोर्ट झोपू न देणे, हे सल्ले त्यातून आले. लॅपटॉपवर ते आजही कामाचे आहेत.

याच काळात साउंड कार्ड संगणकाच्या पोटातून बाहेर पडून टेबलावर आले. १९९६ च्या यूएसबीत दर मिलिसेकंदाला एक फ्रेम जाते आणि त्यात ध्वनीसाठी जागा राखून ठेवता येते. मात्र ध्वनीचे पॅकेट बिघडले तर ते पुन्हा पाठवले जात नाही, कारण उशिरा आलेल्या पॅकेटचा उपयोगच नसतो. त्यामुळे सैल केबल किंवा चार उपकरणे लोंबणारा स्वस्त हब थेट ऐकू येतो. फायरवायर तत्त्वतः अधिक भक्कम होते, पण संगणकातली फायरवायरची चिप कुणाची यावर सगळे अवलंबून असे. इंटरफेस विकणारे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपची शिफारस करत, आणि अनेक लॅपटॉपांत रिकोची असे. विंडोज ७ मध्ये तर नव्या फायरवायर ड्रायव्हरऐवजी ‘लेगसी’ शब्द असलेला जुना निवडल्यावर पुष्कळांची तडतड थांबली.

इंटरफेस बाहेर आल्याने घड्याळाचा प्रश्नही घरात आला. प्रत्येक डिजिटल उपकरणात सॅम्पलांचा ठेका धरणारा स्फटिक असतो, आणि दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे चालत नाहीत. दहा लाखांत वीस इतकाच फरक असला, तरी ४४,१०० च्या गतीला सेकंदाला जवळजवळ एक सॅम्पल कमी किंवा जास्त पडते. वेगळा प्रीॲम्प डिजिटल केबलने इंटरफेसला जोडला आणि दोघांनाही स्वतःच्या घड्याळावर ठेवले, तर सुमारे प्रत्येक सेकंदाला एक बारीक टिक येते. बफर कितीही वाढवला तरी ती जात नाही. एकाला मालक आणि दुसऱ्याला अनुयायी ठरवले की तत्काळ थांबते. घड्याळाचे याहून विचित्र प्रकरण ॲपलच्या २०१८ मधल्या, टी२ चिप असलेल्या मॅक संगणकांचे. त्यांवर यूएसबी इंटरफेसचा ध्वनी अधूनमधून तुटे. प्रणाली इंटरनेटवरून तारीख-वेळ मिळवून आपले घड्याळ दुरुस्त करी, त्या क्षणी ध्वनीचा हिशेब चुके. तारीख-वेळ आपोआप लावण्याची खूण काढणे हा तात्पुरता उपाय लोकांनी शोधला; मार्च २०१९ मधल्या १०.१४.४ या आवृत्तीत दुरुस्ती आली.

लिनक्सवाल्यांनी हा प्रश्न सर्वांत सरळ शब्दांत मांडला. पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेल्या जॅक या ध्वनियंत्रणेत बफर वेळेवर न भरल्याची प्रत्येक घटना ‘एक्सरन’ म्हणून मोजून दाखवली जाते. तडतड कानावर सोडलेली नाही. लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, ठरलेल्या वेळेत उत्तर दिलेच पाहिजे यासाठीचे बदल इन्गो मोल्नार आणि इतरांनी २००० च्या आसपासपासून केले. त्यांतून वाढलेली रिअल-टाइम व्यवस्था मुख्य कर्नलमध्ये पूर्णपणे यायला २०२४ साल उजाडले.

वेळेशी संबंध नसलेले काही आवाज याच नावाने ओळखले जातात आणि शोधणाऱ्याला चकवतात. माइकच्या पातळीने कमाल मर्यादा ओलांडली की लाटेची टोके कापली जातात आणि मोठ्या स्वरांवर तडतड ऐकू येते. इथे बफरचा काही दोष नसतो. प, फ, ब, भ उच्चारताना ओठांतून सुटणारा श्वास माइकच्या पडद्यावर आदळून धप् असा आवाज करतो. मराठी निवेदनात महाप्राण व्यंजने भरपूर असल्याने पॉप फिल्टर लावणे किंवा माइक तोंडापासून थोडा तिरका ठेवणे भागच असते. गेनची कळ फिरवताना खरखर आली तर कळीच्या आतला पट्टा मळलेला किंवा झिजलेला असतो. केबल हलवल्यावर आली तर जॅकमधला डाख सुटलेला असतो.

भारतीय घरांत विजेचे प्रकरण वेगळेच आहे. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या लाटेचा काही भाग कापून पंखा हळू करतो, आणि प्रत्येक कापावर, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, एक टोचरा ठोका माइकच्या तारेत शिरू शकतो. चौकोनी लाट देणारे स्वस्त इन्व्हर्टरही असाच कुरकुर आवाज देतात. महाराष्ट्रात २००० च्या दशकात भारनियमनामुळे ते घरोघर पोचले होते. अर्थिंग नीट नसलेल्या जुन्या इमारतींत लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करताच गुणगुण थांबते, हे अनेकांना सवयीने माहीत झाले आहे. यूएसबीतून वीज घेणाऱ्या इंटरफेसमध्ये एक हजार हर्ट्झची बारीक शीळ येते, ती यूएसबीच्या मिलिसेकंदाच्या ठेक्याचीच असते.

या साडेतीन दशकांत निदानाची एक रीत हळूहळू पक्की झाली. पहिला प्रश्न असा की ठोका मुद्रित झालेल्या फाइलमध्ये आहे की फक्त ऐकताना येतो. तोच भाग दोनदा वाजवावा: ठोका त्याच जागी आला तर तो मुद्रित झाला आहे, जागा बदलली तर दोष वाजवण्याच्या बाजूला आहे. मग त्याचा ठेका पाहावा. ठरावीक अंतराने येणारा ठोका घड्याळाकडे किंवा ठरावीक वेळी जागे होणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरकडे बोट दाखवतो. अनियमित, झुंडीने येणारा बोज्याकडे. फक्त जोरकस स्वरांवर येणारा पातळीकडे. त्यानंतर लाट मोठी करून बघावी. बफर चुकला असेल तर लाटेत उभी कड किंवा सपाट शून्याचा तुकडा दिसतो, पातळी ओलांडली असेल तर कापलेली शिखरे. या तीन गोष्टी करायला काही मिनिटे लागतात. सेवा बंद करा, विंडोज नव्याने टाका, असल्या लांबलचक याद्यांतले बहुतेक उपाय वर सांगितलेल्या कुठल्यातरी गेलेल्या काळाचे असतात, आणि निदानाआधी ते करून पाहिले तर मूळ खूणही पुसली जाण्याचा धोका असतो.

मुद्रित झालेला ठोका नंतर काढण्याची विद्या जुन्या तबकड्यांच्या कामातून आली. अमेरिकेतल्या सॉनिक सोल्युशन्सची नोनॉइज प्रणाली १९८७ ची. केंब्रिजची सीडार कंपनी ब्रिटिश ध्वनिसंग्रहालयासाठी झालेल्या संशोधनातून १९८८ मध्ये उभी राहिली. ठोक्याच्या दोन्ही बाजूंची लाट पाहून मधली सॅम्पल काय असावीत याचा हिशेब करायचा आणि ती भरायची, हे त्यांचे तत्त्व. आयझोटोपचे आरएक्स २००७ मध्ये आले, आणि अशी साधने घरच्या संगणकावर रुळली. काही मोजक्या सॅम्पलांचा ठोका ती बेमालूम भरतात. पण मुद्रण करताना आख्खा बफर हरवला असेल तर प्रश्न ठोक्यापुरता राहत नाही. ५१२ सॅम्पल गळाली तर त्यापुढचा सगळा आवाज ११.६ मिलिसेकंद अलीकडे सरकतो, आणि अशा दोन-तीन चुका झाल्या की गाणे तबल्याच्या आधी धावताना ऐकू येते. ठोका पुसला तरी हे अंतर भरून निघत नाही. प्रत्येक खंडाच्या जागी फाइल कापून पुढचा भाग हाताने मागे सरकवावा लागतो, किंवा तो टेक पुन्हा घ्यावा लागतो.